मालक हायेत का?

माझे यजमान वारल्यानंतरही डोमाजी मिस्त्री रोज सकाळी आमच्या दुकानासमोर रस्त्यात उभा राहायचा आणि विचारायचा, "मालक हायेत का?" मालक कुठे गेले हे त्याला चांगलं ठाऊक होतं. जाम नदीच्या काठावर लाकडं रचली तेव्हा तो तिथे हजर होता, खांदा देणाऱ्यांत होता. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि मी दुकानाच्या फळ्या काढून पहिल्यांदा गल्ल्यावर बसले. त्याच सकाळी तो आला. माझ्याकडे न बघता, माझ्या डोक्यावरून आतल्या काळोखात बघत त्याने तो प्रश्न विचारला.

मला वाटलं, सवयीने तोंडातून गेलं असेल. मी हळूच म्हटलं, "नाईत." तो म्हणाला, "बरं, मंग येतो मागून," आणि रस्ता ओलांडून आपल्या कडुलिंबाखाली गेला. थोड्या वेळाने त्याला हवा असलेला प्लग न्यायला शेजारचा पानवाला आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग माझ्या लक्षात आलं की ही सवय नव्हे, हे मुद्दाम आहे. या माणसाने गावासमोर रोज एकदा मला सांगायचं ठरवलं होतं की तू या दुकानाची कोणी नाहीस.

दुकान पांढुर्ण्याच्या बाजाररस्त्यावर होतं, मोटरसायकलच्या सुट्या सामानाचं. चेन, केबल, बेअरिंग, प्लग, असला माल. माझे यजमान आधी सौसरला एका जिनिंगमध्ये होते, ते काम सोडून त्यांनी हे दुकान टाकलं आणि रस्त्यापलीकडे झाडाखाली काम करणाऱ्या डोमाजीशी त्यांची गट्टी जमली. यांच्याकडून सामान जायचं आणि डोमाजी ते बसवायचा. दुपारी दोघं आमच्या ओट्यावर बसून घरून आलेला चहा प्यायचे. आमच्या घरचा चहा त्याला चालत होता, तेव्हा जातीच्या बाजूने त्याच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. त्याला चालत नव्हती ती गल्ल्यावर बसलेली बाई.

दिसायला तो काटक, थोडा वाकलेला. कपाळावर डाव्या बाजूला जुनी खोक होती, तरुणपणी गोटमारीत लागलेल्या दगडाची. तो नदीपलीकडचा, सावरगावचा. आम्ही अलीकडचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांचे लोक एकमेकांवर दगड भिरकावतात आणि संध्याकाळी घरी जातात. आमचं दोघांचं बाराही महिने चालू होतं, आणि संध्याकाळ झाली तरी ते थांबत नसे.

हात पुसायला त्याने कधी फडकं वापरलं नाही. हात तो झाडाला पुसायचा. त्या कडुलिंबाचं खोड त्याच्या कमरेइतक्या उंचीवर काळंकुळकुळीत झालेलं होतं. गाडी आली की तो आधी गिऱ्हाइकाचं काही ऐकून घ्यायचा नाही. गाडी चालू करायला लावायचा, डोळे मिटायचा, आणि इंजिनाचा आवाज ऐकून झाला की गिऱ्हाइकाचा अपमान करायचा. "इंजिन रडून राहिलं आन् तुमी गानं समजून राहिले," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एका पोराला त्याने विचारलं होतं, गाडी कोनं देली तुले, सासऱ्यानं? मग सासऱ्यालेच चालवू दे. तो पोरगा लालबुंद झाला, पण गाडी तिथेच ठेवून गेला. कारण शिव्या कितीही दिल्या तरी डोमाजीने जोडलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागत नाही, अशी त्याची ख्याती होती. आणि ती खोटी नव्हती, हे मला शत्रू असूनही कबूल करावं लागतं.

माझी अडचण अशी होती की या माणसावाचून माझं दुकान चालणार नव्हतं. गावात दुसरे मिस्त्री होते, पण लोकांचा विश्वास याच्यावर. त्याने "बाईचा माल बरा नाई" एवढं म्हटलं की गिऱ्हाईक बस धरून नागपूरला जाई. आणि दुसऱ्या बाजूने माझे दीर टपून बसलेले होते. नामदेवभाऊजी बोरगावला शेती बघायचे. दर बाजाराच्या दिवशी यायचे, ओट्यावर बसून सुपारी कातरायचे आणि जाताना म्हणायचे, वहिनी, फळ्या लावा आन् चाला बोरगावले, हे काई बायकाचं काम नाई. त्यांच्या मनात पाप होतं असं मी म्हणत नाही. पण बोरगावला मी गेले असते तर जन्मभर त्यांच्या चुलीपाशी बसले असते आणि माझ्या पोरीची शाळा तिथल्या चौथीपर्यंत संपली असती. म्हणून हे दुकान मला टिकवायचं होतं. ते गेलं असतं तर माझं म्हणण्यासारखं काहीच उरलं नसतं.

त्या वर्षांत आमच्याकडे एक नवी हौस आली होती. संत्र्याचा बहार चांगला गेला की बागवाल्यांची पोरं मोटरसायकल घेत आणि घेतल्या घेतल्या तिचा कंपनीचा सायलेन्सर काढून नागपूरहून बाहेरचा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणून लावत. रामाकोन्याहून निघालेली गाडी सौसरच्या वेशीवर ऐकू आली पाहिजे, एवढीच अपेक्षा. डोमाजीला त्याचा मनापासून तिटकारा. "गाडीले ढोल बांधून राहिले साले," म्हणायचा. मी मात्र ठरवलं की लोकांना नागपूरला का जाऊ द्यायचं? पदर खोचला, पॅसेंजर पकडली आणि स्वतः जाऊन सायलेन्सर घेऊन आले. दुकानाच्या दाराशी ते उभे करून ठेवले. आठवड्याभरात गिऱ्हाईक यायला लागलं.

आणि तक्रारीही यायला लागल्या. गाडी फटफट आवाज करते, उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की बंदुकीसारखा बार काढते, इंजिनाच्या तोंडाशी काजळी धरते, पाय भाजतो. डोमाजी सगळ्यांना एकच सांगायचा: माल खराब हाय. मी ऐकून घेत होते, आणि रात्री अंथरुणात पडल्यावर विचार करत होते की हे नक्की काय होतंय.

त्याचं उत्तर मला माझ्या यजमानांच्या बोलण्यातूनच आठवलं. त्यांना सामान दाखवून समजावून सांगायची आवड होती. मी भाकरी थापत असायचे आणि ते समोर बसून एखादा पार्ट बोटांत फिरवत बोलायचे. इंजिनातून धूर जिथे बाहेर पडतो आणि सायलेन्सरच्या वाकड्या नळीत शिरतो, त्या सांध्यात तांब्याची एक कडी असते. पुस्तकात तिला गास्केट म्हणतात, मिस्त्री लोक पॅकिंग म्हणतात. नट आवळला की ती दबते आणि त्या नळीच्या तोंडाला जशी हवी तशी बसते. पण एकदा दबली की दबली. दुसरी नळी लावायची तर जुनी कडी तिला धरत नाही, फटीतून धूर आणि आग बाहेर येते. मी तेव्हा म्हटलं होतं, म्हणजे कुकरच्या रबरासारखंच. ते खूश झाले होते. म्हणाले, अगदी तसंच, आणि एक ध्यानात ठेव, जुनी कडी इंजिनाच्या तोंडात चिकटून बसते, काजळीने इतकी काळी होते की ती इंजिनाचाच भाग वाटते. नखाने खरवडून बघितल्याशिवाय कळत नाही. हे मले डोमाजीनं शिकवलं, असंही ते म्हणाले होते.

तर डोमाजी जुन्याच कडीवर नवे सायलेन्सर बसवत होता. नवी कडी घ्यायची तर ती माझ्या दुकानातून घ्यावी लागणार, म्हणजे पुन्हा ती रस्त्यातली चौकशी, पुन्हा माझं "नाईत". त्यापेक्षा जुनी ठोकून सपाट करायची, वरून ॲस्बेस्टॉसचा दोरा दोन वेढे गुंडाळायचा, आणि फटफट झाली की माझ्या नावावर ढकलायचं.

मी त्यावर तोड काढली. प्रत्येक सायलेन्सरला सुतळीने एक नवं पॅकिंग बांधून द्यायला लागले. दुसऱ्या दिवशी गल्ल्यावरून समोर बघते तर कडुलिंबाच्या खोडात एक खिळा ठोकलेला आणि त्यावर माझी नवी कडी टांगलेली. मग दुसरी टांगली गेली, मग आणखी. सकाळचं ऊन पडलं की त्या तांब्याच्या कड्या लखलखायच्या. लोक विचारायचे, मिस्त्री, हे काय? तो म्हणायचा, बाईनं पाठवलेले दागिने हायेत. हसणं माझ्या दुकानापर्यंत ऐकू यायचं. मी माल आवरल्यासारखं करून पाठ फिरवायची. त्या दिवसांत या माणसाच्या हाताला काहीतरी व्हावं, असं मी मनात किती वेळा म्हटलं असेल, ते सांगण्यासारखं नाही.

अशात रामाकोन्याचा सुधाकर आला. नव्या लग्नाचा, चांगल्या घरचा, संत्र्याची बाग असलेला पोरगा. त्याला मी सायलेन्सर दिला आणि पॅकिंग त्याच्या हातात ठेवून सांगितलं, मिस्त्रीसमोर उभं राहा आणि हे आत गेलेलं स्वतः बघा, त्याशिवाय तिथून हलू नका. सुधाकर शब्दाचा पक्का निघाला. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. डोमाजीने एकदा माझ्या दिशेने बघितलं, थुंकला, आणि नवी कडी लावली. मी ते माझ्या डोळ्यांनी बघितलं. मला वाटलं, जिंकले.

पुढच्या बाजारच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून सुधाकरची गाडी माझ्या दुकानासमोर आली. बायकोला मागे बसवून तो सौसरला निघाला होता. वाटेत नट सुटला, नळी खाली पडली आणि इंजिनाच्या तोंडातली आग थेट त्याच्या उजव्या पायावर आली. टेरिकॉटची पँट कातडीला चिकटली. बायको घाबरून उडी मारून पडली, सुदैवाने शेताच्या मऊ मातीत पडली. सुधाकर पायाला पट्टी बांधून ट्रॉलीतच बसलेला, आणि त्याचे वडील खाली उतरून मला नाही नाही ते बोलत होते. ओट्यावर नामदेवभाऊजी होतेच. त्यांनी सुपारी खिशात टाकली आणि दुकानाची पहिली फळी उचलून लावली.

माणसं गोळा झाली. त्या गर्दीत डोमाजी आपल्या झाडाखालून उठून रस्त्याच्या मध्यापर्यंत आला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मालक असते तं असा माल या दुकानात आला नसता."

मी भाऊजींच्या हातातली दुसरी फळी काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. आतून यजमानांचा पेचकस घेतला. ओटा उतरले, निऱ्या गुडघ्यांत दाबल्या आणि भर रस्त्यात त्या गाडीसमोर बसले. इंजिन गार झालं होतं. नळी लोंबतच होती, ती बाजूला केली, तशी नवी कडी घरंगळून माझ्या हातात पडली, चकचकीत. डोमाजी लगेच बोलला की पाहा, नवं टाकलं होतं, पोट्टा उभा होता समोर. गर्दी त्याच्या बाजूची झाली. सुधाकरच्या वडिलांनी कपाळावर हात मारला.

मी इंजिनाच्या तोंडात करंगळी घातली. आत सगळं काळं. पण कडेला बोटाला एक उंचवटा लागला, नखाएवढा. मी पेचकसाचं टोक तिथे धरलं आणि तळहाताने ठोकलं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा टोक आत शिरलं आणि कोळशाच्या बांगडीसारखी जुनी कडी बाहेर आली. ती आतच होती आणि तिच्यावर नवी चढवलेली होती. दोन कड्यांनी जागा भरून गेली म्हणून नटाला पुरेसे आटे मिळाले नव्हते. तो जेमतेम टोकावर धरला होता, रस्त्याच्या धक्क्यांनी सुटला. मी जुनी कडी पदराने पुसली आणि दोन्ही कड्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

डोमाजी जवळ आला आणि वाकून बघत राहिला. मग ताठ होत म्हणाला, "आतलं काढा म्हनून मालकानं मले कदी सांगतलं नाई."

मेलेल्या माणसावर ढकललं त्याने. मी उठले, हात काळे, पदर काळा, आणि म्हटलं, "मालकाले हे तुमीच सांगतलं होतं, मिस्त्री. त्यायनं मले सांगतलं."

डोमाजीचा चेहरा मी नीट बघितला. मला तिथे शरम दिसायला हवी होती. ती दिसली नाही. गोंधळ दिसला, वाट चुकलेल्या माणसाचा असतो तसा. त्याने दोन्ही कड्या उचलल्या, बोटांनी चाचपल्या आणि परत ठेवल्या. त्याने ती जुनी कडी खुन्नस म्हणून आत ठेवली की त्याच्या डोळ्यांना तेव्हाच दिसेनासं झालं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा मी खुन्नसच धरून चालले, आणि तेच मला सोयीचं होतं.

मी सगळ्यांसमोर सांगितलं की आजपासून माझ्या दुकानातला सायलेन्सर माझ्या ओट्यासमोरच बसवला जाईल. आधी जुनं पॅकिंग काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, मगच नवं आत जाईल. हे ज्याला मान्य नसेल त्याने नागपूरला जावं. सुधाकरचे वडील मान हलवत गेले. भाऊजींनी लावलेली फळी स्वतःच काढली. नंतरही ते येत राहिले, सुपारी कातरत राहिले, पण बोरगावचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

डोमाजीपुढे इलाज नव्हता. गिऱ्हाइकांना माल माझा हवा होता आणि हात त्याचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रस्त्यात उभा राहिला नाही. सरळ ओट्यापाशी आला, हत्यारांची पेटी ठेवली, आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलेल्या यजमानांच्या फोटोकडे बघून म्हणाला, "मालक, बारा नंबर पाना द्या."

इतकं सहज तो बोलला की मी मागे वळून बघितलं. फोटोत हे कोट घालून बसलेले, लग्नानंतर काढलेला. मी जागची हलले नाही. तो थांबला. गिऱ्हाईकही थांबलं. शेवटी मीच पाना उचलून ओट्यावर आपटला. त्याने तो घेतला आणि फोटोला मान हलवून पावती दिली.

मग तेच चालू झालं. वर्षं गेली अशी. "मालक, प्याकिंग द्या." "मालक, नट बसत नाई, दुसरा द्या." तो फोटोला सांगायचा आणि मी द्यायची. माझ्याशी एक अक्षर नाही. मीही कमी नव्हते. बारा नंबर मागितला की चौदा द्यायची. तो गार आवाजात फोटोला सांगायचा, मालक, चवदा आला. एकदा म्हणाला, मालक, पयले चहा भेटत व्हता इथी. मी चहा पाठवला, बिनसाखरेचा. तो पूर्ण प्याला आणि फोटोला म्हणाला, मालक, घरी साखर संपली वाटते. गिऱ्हाइकांची हसून हसून मुरकुंडी वळायची आणि मी आतल्या आत जळायची. एक काळ असा आला की मला त्या फोटोचाच राग यायला लागला. वाटायचं, तुम्ही मजेत बसून बघताय काय, सांगा ना त्याला काहीतरी.

विहारातल्या बायका म्हणायच्या की त्याला दुःख आहे, जिवाभावाचा माणूस गेला, म्हणून तो असं करतो. मला ते पटायचं नाही, आणि अजूनही पुरतं पटत नाही. दुःख माझंही होतं. मी ते घेऊन कोणाच्या दारात जाऊन त्याची मालकी नाकारत नव्हते.

कामात मात्र त्याने माझी अट कधी मोडली नाही. जुनी कडी काढायचा, गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "हे पाह्य. आता तक्रार घेऊन येशीन तं याद राख." माझ्या दुकानाचं नाव सौसरपर्यंत गेलं. पोरगी दहावीला बसली. कडुलिंबावरच्या कड्या त्याने कधी काढल्या, ते मला कळलं नाही. एक दिवस फक्त खिळा होता.

मग एकदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुधाकर पुन्हा आला. अंगाने भरलेला, पायावरचा डाग तसाच. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर काढून कंपनीचा परत लावायचा म्हणाला, आवाजाने बाळ दचकतं. डोमाजी कामाला बसला. तो तेव्हा बराच थकला होता. पाना नटावर बसवायला त्याला चाचपावं लागायचं, ते मी बघत होते. नळी निघाली. त्याने इंजिनाच्या तोंडात बोट घातलं, फिरवलं, पेचकस लावला, तो निसटला. पुन्हा लावला. मग थोडं थांबून म्हणाला, "निंगालं."

त्याच्या हातात काही नव्हतं. सुधाकर माझ्याकडे बघायला लागला. मला एवढंच म्हणायचं होतं की मिस्त्री, दाखवा. त्याच रस्त्यावर, त्याच गिऱ्हाइकासमोर, त्याच गाडीवर. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते आयतं समोर आलं होतं. पण तो पेचकसाचं टोक बोटांनी चाचपत होता, आणि ते बघून मला मुळीच आनंद झाला नाही, त्याचाही मला राग आला. मी ओटा उतरले, त्याच्या शेजारी बसले, त्याच्या हातातून पेचकस घेतला आणि कडी काढली. त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने ती चाचपली. मग ती सुधाकरकडे पुढे केली, नेहमीसारखी, पण त्या वेळी दम दिला नाही. मान वर करून भिंतीकडे बघितलं. फोटो त्याला दिसत होता की नाही, कोण जाणे.

"मालक," तो म्हणाला, "तुमी तं गेले."

मग माझ्याकडे वळला. माझ्या डोक्यावरून नाही, माझ्याकडे.

"बाई, प्याकिंग द्या."

मी उठले आणि गल्ल्यापाशी गेले. कड्यांचा डबा कुठे आहे ते मला सुचेना, रोजचा डबा. ज्या शब्दासाठी मी इतकी वर्षं भांडले तो मिळाला होता आणि मला तो नको होता. गावातल्या सगळ्यांनी माझ्या नवऱ्याला जाळून, दोन फुलं वाहून, कधीच मागे टाकलं होतं. मीसुद्धा टाकलं होतं, दुकान चालवायचं तर टाकावंच लागलं. फक्त हा एक माणूस रोज त्यांना हाक मारत होता, पाना मागत होता, चहाची तक्रार सांगत होता. त्यानेही सोडलं, आणि त्या दुपारी माझ्या दुकानात ते पुन्हा एकदा वारले. सुधाकर समोर होता म्हणून मी रडले नाही. डबा सापडला, कडी दिली. डोमाजीने ती चाचपून बसवली आणि नट आवळला.

दुसऱ्या दिवसापासून तो "बाई" म्हणूनच मागायचा, आणि मी बारा मागितला की बाराच द्यायची. आमच्यात दुसरं काही बोलणं झालं नाही. पुढच्या पोळ्याच्या आधी तो सावरगावला घरीच वारला. मी गेले होते. त्याची बायको माझ्या ओळखीची नव्हती, मी कोण म्हणून तिने विचारलं. मी सांगितलं, सामानाच्या दुकानाची मालकीण. ती म्हणाली, हाव, थ्या बाई का.

परत आल्यावर मी भिंतीवरचा फोटो उतरवला आणि घरी नेला. दुकानात त्याच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. आजही सकाळी फळ्या काढल्या की माझी नजर रस्त्याच्या मध्याकडे जाते. मालक हायेत का, असं विचारायला तिथे कोणी येत नाही, आणि विचारणं बंद केल्याबद्दल माझा डोमाजीवरचा राग अजून गेलेला नाही.